लाल रजईचं वळण

आमच्या बॅलीकॅरनच्या शर्यतीचा रस्ता वर्षभर साधा गावरस्ता असतो. त्यावरून दुधाचे टँकर जातात, ट्रॅक्टर जातात, शाळेची बस जाते. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी मात्र तो बंद करतात, विजेच्या खांबांना नि फाटकांच्या दगडांना गवताचे भारे बांधतात, आणि एरवी नळ दुरुस्त करणारी किंवा मटण कापणारी माणसं चामड्याचे पोशाख चढवून त्याच रस्त्यावरून मोटरसायकली पळवतात. आयर्लंडमधल्या आमच्या या टिपररी भागात याला कोणी वेडेपणा म्हणत नाही. रस्ता बंद व्हायच्या आत जो दूध-पाव आणून ठेवत नाही, त्याला मात्र वेडा म्हणतात.

त्या वर्षी पार उत्तरेकडच्या डोनेगॉलहून मजेला नावाची बाई आली. वय चाळिशीचं, अंगाने काटक, कामाने पोस्टमन. बरोबर तिचा धाकटा भाऊ यूनन. तो गावी गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीची मोटरसायकल. ती गाडी यूननपेक्षाही जुनी होती. बटण दाबून सुरू होणारी नव्हतीच. ढकलत धावायचं, वेग आला की उडी मारून बसायचं आणि क्लच सोडायचा, मग ती खोकत खोकत जागी व्हायची.

मजेलाला जिंकायचं नव्हतं. तिला फक्त शर्यत पुरी करायची होती. तिच्या गावी कितीतरी वर्षांनी पुन्हा शर्यत भरणार होती, आणि रस्ता थेट तिच्या आईच्या दारावरून जाणार होता. पण तिथे नाव घालायचं तर त्या मोसमात परगावच्या ठरावीक शर्यती पुऱ्या केलेल्या असायला हव्यात असा नियम होता. मजेलाला एकच कमी पडत होती, आणि डोनेगॉलच्या आधी आता आमचीच काय ती उरली होती.

नवख्या माणसाला रस्ता दाखवायचं काम आमच्याकडे अल्टनकडे असतं. अल्टन पिकल्या मिशांचा, मोठ्या मनाचा माणूस. शुक्रवारी संध्याकाळी त्याने बहीणभावाला आपल्या जीपमध्ये घातलं.

"डोनेगॉलला रस्ते असतात होय?" त्याने सुरुवातीलाच विचारलं. "मला वाटायचं मेंढ्या जातात त्याच्या मागून जायचं."

"असतात की," मजेला म्हणाली. "फक्त तुमच्यासारखे सरळ नसतात. सरळ रस्त्यावर आम्हाला झोप येते."

"येऊ दे झोप. मी सांगतो तिथे जागी हो म्हणजे झालं. हं, आता लक्ष दे. डेअरी आली की मूठ सोडायची, वेग उतरवायचा."

मजेलाने मान वळवून पाहिलं. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं होती. "कुठे आहे डेअरी?"

"ही काय, मागे गेली. पाडली ना ती. तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं."

"बरं," मजेला म्हणाली.

"पुढे मर्फींच्या कुत्र्यापाशी उजवीकडे झुकायचं. उगाच घाबरायचं नाही."

"चावतो का?" मागून यूननने विचारलं.

"नाही रे बाबा. मेला तो. पण जन्मभर तिथेच बसायचा बिचारा, त्याच दगडावर."

"दगड कुठला?"

"दगड रस्ता रुंद करताना काढला."

यूनन मागच्या सीटवर हसायला लागला. मजेला हसली नाही. तिला शिकायचं होतं. चिंचोळ्या पुलानंतर रस्ता उतारावरून भरधाव खाली जातो आणि एका पांढऱ्या घरासमोर काटकोनात डावीकडे वळतो. त्याच वळणाची तिला धास्ती वाटली. समोर घराचं उघडं फाटक, आणि वळण दिसायला लागेपर्यंत फार उशीर झालेला.

"इथे ब्रेक कधी दाबायचा?" तिने विचारलं.

"ते सोपं आहे," अल्टन म्हणाला. "भलंमोठं चेस्टनटचं झाड आलं की."

"झाड कुठे आहे, अल्टन?"

अल्टनने जीप थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. "वादळात गेलं," तो हळूच म्हणाला. "पण गावात कुणालाही विचार, झाड म्हटलं की सगळ्यांना कळतं."

यात अल्टनचा काही दोष नव्हता. आपल्याला जी गोष्ट फार चांगली येते, ती शिकवताना आपण असंच करतो. आपल्या डोळ्यांपुढे असतं ते समोरच्यालाही दिसतंय असं धरून चालतो.

जीपमधून उतरल्यावर मजेला भावाला म्हणाली, "चल, चालत जाऊ. मला दिसेल ते मीच बघते."

ते चालत निघाले, पण आमच्या गावात चालत जाणं सोपं नाही. पहिल्याच घरी चहा झाला. दुसऱ्या घरी चहा आणि मनुकांचा केक झाला. तिसऱ्या घरी मजेला म्हणाली की आत्ताच घेतला, तर त्यांनी विचारलं, "शेजारी? त्यांच्या चहाला काय चहा म्हणायचं?" आणि पुन्हा किटली ठेवली. वाटेत मजेला मात्र खुणा टिपत होती. रोज घरोघर पत्रं टाकणारी बाई ती. दारांचे रंग, पडद्यांची फुलं, दोरीवरचे कपडे हे सगळं ती न बघता बघायची. कुठल्या घरात पाळणा हलला, कुठल्या घरातला मुलगा ऑस्ट्रेलियाहून परत आला, हे तिला दोरीवरूनच कळायचं.

पांढऱ्या घरासमोर आल्यावर तिचा चेहरा उजळला. वळणाच्या बरंच अलीकडे, कुंपणालगतच्या दोरीवर एक भलीमोठी लाल रजई वाळत होती.

"ही बघ माझी खूण," ती म्हणाली. "रजई आली की ब्रेक."

"रजई म्हणजे काय झाड आहे का?" यूनन म्हणाला. "उद्या वाळली की आत नेतील."

"एवढी जाड रजई, या हवेत? दोन दिवस वाळत नाही. माझ्या वाटेवर अशा दहा घरी बघते मी. शनिवारी असेल, बघच तू."

शनिवारी रजई होती. सरावाच्या फेऱ्यांत मजेला उतारावरून खाली यायची, लाल रंग दिसला की ब्रेक दाबायची आणि वळणातून अशी सफाईने निघायची, की त्या वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला अल्टनच चकित झाला. "बघा," तो शेजारच्याला म्हणाला, "झाडाचं सांगितलं ते बरोबर ध्यानात ठेवलं पोरीने."

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली, रस्ता बंद झाला आणि दुपारी जुन्या गाड्यांची शर्यत लागली. पहिल्या फेरीत सगळे घोळक्यात होते. मजेलाने पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवली, त्याने ब्रेक दाबला तेव्हा दाबला. दुसऱ्या फेरीत घोळका पांगला. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, अशी ती एकटी पूल ओलांडून उताराला लागली. आता रजई येईल. आता येईल.

कुंपण आलं. दोरी आली. दोरी रिकामी होती.

आणि तेवढ्या क्षणात तिला आठवलं, की आज रविवार आहे. रविवारी तिची आई रुमालसुद्धा बाहेर वाळत घालू देत नाही. देवाच्या दिवशी दोरी दिसली तर शेजारी काय म्हणतील! हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण ती गल्लोगल्ली फिरते सोमवार ते शनिवार. रविवारी पोस्ट बंद. दोऱ्यांबद्दल सगळं जाणणाऱ्या मजेलाने रविवारची दोरी कधी पाहिलीच नव्हती.

तिने ब्रेक दाबला, पण वळण घेण्याएवढा वेग काही उतरला नाही. शहाणपणा करून तिने वळायचा प्रयत्नच केला नाही. उघड्या फाटकातून सरळ आत गेली. कोंबड्या चारी दिशांना उडाल्या. गाडी अंगण ओलांडून शेणखताच्या ढिगापाशी थांबली आणि बंद पडली.

घरातून कॉन्सेप्टा बाहेर आली. रजई तिचीच. अंगावर रविवारचा चांगला झगा, हातात कप.

"येशू, मारिया, जोसेफ! लागलं का गं तुला?"

"नाही. रजई कुठे आहे?"

"रजई? काल संध्याकाळीच आत घेतली. का गं, थंडी वाजतेय?"

"हात नका लावू!" कॉन्सेप्टा गाडीकडे यायला लागली तशी मजेला ओरडली. नियम असा होता की गाडी पुन्हा सुरू करायची ती चालवणाऱ्याने एकट्याने. दुसऱ्या कुणाचा हात लागला की बाद.

"मी कशाला हात लावते? माझ्या हातात चहा आहे. घे घोटभर."

"चहा नको हो! मला जायचंय!"

"ढकलत जाशील कुठे? अंगणात चिखल आहे नुसता," कॉन्सेप्टा म्हणाली, आणि ते खरं होतं. मजेलाने दोनदा धावून पाहिलं. बूट रुतत होते, गाडी हलत होती, पण वेग घेत नव्हती. बाहेर रस्त्यावरून एक एक करत सगळे पुढे निघून चालले होते. फार मागे पडलं, तर शेवटी झेंडा गुंडाळतात आणि नंतर येणाऱ्याची शर्यत धरत नाहीत.

तेवढ्यात अल्टन फाटकातून धावत आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, चुकून गाडीला लागू नयेत म्हणून.

"मागे उतार आहे, पोरी! घोड्यांच्या तबेल्याला वळसा घाल, मग सलगमच्या शेतावरून..."

मजेलाने हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "अल्टन, तबेला आहे का?"



"तबेला पडला तेव्हा माझी थोरलीही जन्मायची होती," कॉन्सेप्टा म्हणाली. "तिला दिसतंय ते सांग ना रे! किती वर्षं लोकांना मेलेली कुत्री दाखवत हिंडणार आहेस?"

अल्टनने एकदा अंगणाकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं. मग तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलायला लागला.

"ते निळं पिंप दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्या डावीकडून जा. पुढे पत्र्याची भिंत आहे, हिरवी. ती संपली की जमीन खडीची आहे आणि उतार आहे. खाली जाऊन पुन्हा याच फाटकाशी येशील. मी रस्ता बघतो, झेंडा हलवला की निघ."

"निळं पिंप, हिरवी भिंत, खडी," मजेला पुटपुटली आणि गाडी ढकलायला लागली.

पिंपापर्यंत चिखलच होता. ती वाकून, दात आवळून ढकलत गेली. कॉन्सेप्टा कप हातात घेऊन बाजूने चालत होती आणि कोंबड्यांना वाटेतून हाकलत होती. कोंबड्यांना हात लावू नये असा काही नियम नव्हता. हिरवी भिंत संपली, चाकाखाली खडी वाजली, उतार लागला. मजेला धावली, उडी मारून बसली, क्लच सोडला. गाडी एकदा खोकली. पुन्हा खोकली. मग असा आवाज करून पेटली, की कॉन्सेप्टाच्या झग्यावर सगळा चहा सांडला.

"जा!" चहा सांडलेली कॉन्सेप्टा ओरडली. "जा, जा, जा!"

अल्टनने रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि झेंडा हलवला.

त्यानंतर मजेला कुणाशी शर्यत करत होती असं म्हणता येणार नाही. पुढचे कधीच दिसेनासे झाले होते. सगळ्यांत पुढे असलेला माणूस तर एक फेरी जास्त मारून तिला मागून ओलांडून गेला, आणि जाताना त्याने हातही केला. पांढऱ्या घरासमोरच्या वळणावर ती आता इतकी आधी ब्रेक दाबायची, की कॉन्सेप्टाला प्रत्येक वेळी वाटायचं, पत्र द्यायलाच थांबते आहे. पण गाडी चालू होती आणि रस्ता हळूहळू संपत होता.

शेवटच्या रेषेपाशी झेंडेवाला घड्याळ बघत होता. यूनन त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. काही बोलायची सोय नव्हती, म्हणून तो नुसता त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"असं बघून घड्याळ थांबत नाही," झेंडेवाला म्हणाला.

"थांबत असेल तर बघतो," यूनन म्हणाला.

झेंडेवाल्याने झेंडा काठीला गुंडाळायला घेतला. एक वेढा दिला. दुसरा दिला. तेव्हा पुलापलीकडून खोकल्याचा आवाज आला. झेंडेवाल्याने घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला, आणि दोन्ही वेढे सोडले. मजेला मांडीपर्यंत शेणाने माखलेली, हेल्मेटला कोंबडीचं पीस चिकटलेलं अशी त्याच्यासमोरून गेली, आणि त्याने तिच्यासाठी झेंडा असा हलवला जसा पहिल्यासाठीही हलवला नव्हता.

"शेवटची!" यूनन धावत आला. "मजेला, तू शेवटची आलीस!"

"धरली का पण?"

"धरली! शेवटचीच, पण धरली!"

त्याने तिला मिठी मारली आणि मग स्वतःच्या शर्टकडे पाहून पस्तावला.

मजेलाने हातमोजे काढले आणि चिकट बोटांनी घरी फोन लावला. आईने पहिल्याच घंटेला उचलला.

"पडलीस का?"

"नाही, आई. पुरी केली. आता पुढच्या महिन्यात आपल्या दारावरून जाणार मी."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"किती वाजता?"

"दुपारी असेल."

"बरं. मी खुर्ची दारात घेऊन बसेन. पण तू भुर्रकन जाऊ नकोस हं. मला चष्मा लावायला वेळ लागतो."

"आई, शर्यत असते ती!"

"असू दे. इतरांना जाऊ दे पुढे. त्यांची आई तिथे राहत नाही."