भिंतीतली वीज ऐकणारा

"शूऽऽ! दादांना ऐकू येतंय!"

दाताच्या डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दिवाणखान्यातली कुजबुज पटकन थांबली. बसायला जागा उरली नव्हती. सोफ्यावर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, जेवणाच्या खुर्च्या आत आणल्या होत्या, उरलेले गालिच्यावर मांडी घालून बसले होते. आणि सगळ्यांच्या मधोमध, दोन उंच स्पीकरांसमोर, माझा थोरला भाऊ डोळे मिटून बसला होता. गाण्याचं मशीन बंद होतं. उपटलेला प्लग जमिनीवर पडलेला सगळ्यांना दिसत होता.

"येतोय," दादा हळूच म्हणाला. "बारीक आवाज. सूं… एकसारखा."

"कुठून, दादा?"

दादाने उजवा हात उचलला. उजवीकडे भिंत होती आणि भिंतीत प्लगचा पॉइंट होता. खोलीभर एक सुस्कारा पसरला.

"मंडळी, नशीबवान आहात," वायरबुवा हात जोडून म्हणाला. "मशीन बंद असताना भिंतीतली वीज ऐकणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय. असे कान लाखात एकाचे!"

वायरबुवा हे नाव मी ठेवलेलं. समोर सगळे त्याला 'सर' म्हणायचे. काळा बंद गळ्याचा सदरा, मधात बुडवलेला आवाज आणि हातात एक पेटी. पेटीत मखमलीवर वायरी निजवलेल्या. भिंतीतून मशीनला वीज नेणारी वायर, टीव्हीला असते तसलीच, पण मनगटाएवढी जाड, वर सापाच्या कातीसारखं विणलेलं आवरण, टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला प्लग. एकीच्या किमतीत चांगला फ्रिज आला असता, आणि फ्रिजने निदान दूध तरी नासू दिलं नसतं.

"वीज घरात येते तेव्हा दमलेली असते," वायरबुवा सांगायचा. "कारखान्यातून, लिफ्टमधून, शेजाऱ्याच्या मिक्सरमधून फिरून येते. मळकट असते. तिला तशीच गाण्यात सोडणार? पाहुण्याला चिखलाच्या पायांनी दिवाणखान्यात घेता का? ही वायर म्हणजे पायपुसणं! आणि हा बाण बघा. याच दिशेने लावायची. उलटी लागली तर गाणं रुसतं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला राहवलं नाही. "अहो, घरातली वीज क्षणोक्षणी दिशा बदलत असते. पुढे, मागे, पुढे, मागे. तिला बाण कसला दाखवता? आणि वीजकेंद्रापासून इथवर ती साध्या तारेतूनच आलीय ना? शेवटच्या हातभर वायरीने काय उजेड पडणार?"

वायरबुवा गोड हसला. "ताई, नदी कितीही लांबून वाहत येवो, पाणी आपण शेवटच्या गाळण्यातूनच पितो ना?"

टाळ्या पडल्या. मला उत्तर सुचलं ते रात्री भाजी चिरताना: अहो, गाळण्याला जाळी असते, या वायरीत काय आहे? शिवाय वीज पोटात शिरल्या शिरल्या तिला गाळण्याचं काम मशीन स्वतःच करतं, त्यासाठीच ते एवढं जड असतं. पण तोवर दादाने दुसरी वायर घेतली होती.

दादा भोळा नव्हता, हीच तर माझी अडचण होती. रेडिओच्या ध्वनिमुद्रण विभागात त्याचं आयुष्य गेलं. गायकाने श्वास कुठे चोरला, तबल्याची शाई कुठे सैल पडली, काचेपलीकडे बसून सांगायचा. निवृत्त झाल्यावर ही जोडगोळी, मशीन आणि स्पीकर, त्याने हौसेने घेतली. दुपारी जेवून तो तिच्यासमोर बसायचा आणि वहिनी म्हणायची, "चला, सवत बोलावतेय."

मग एक दिवस त्याला जाणवलं की गाणं डावीकडे सरकतंय. उजवी बाजू फिकी पडलीय. त्याने स्पीकर हलवले, पडदे बदलले. दाताचे डॉक्टर त्याचे जुने मित्र. ते म्हणाले, माझ्या ओळखीचा एक जाणकार आहे. अशी वायरबुवाने आमच्या घरी पायधूळ झाडली. त्याने भिंतीला हात लावून निदान केलं: "उजव्या बाजूला वीज मळकट पोचतेय."

पहिली वायर लावली. दादा म्हणाला, "फरक आहे!" चार दिवस खुशीत होता. मग उजवी बाजू पुन्हा विझू लागली. "वायर मुरतेय, धीर धरा," वायरबुवा म्हणाला. मुरली नाही, तेव्हा तिच्याहून जाड आणली. आणि त्या 'सूं'बद्दल दादाने सांगितलं तेव्हा तर वायरबुवाला लॉटरीच लागली. दर रविवारी लोक जमू लागले. दादांना ऐकू येतं म्हटल्यावर सगळ्यांनाच ऐकू येऊ लागलं. वायरी हातोहात खपू लागल्या.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. दादा आता फोन डाव्या कानाला लावायचा. टेबलावर मी उजवीकडे बसले की माझं निम्मं बोलणं वाया जायचं.

"दादा, एकदा कान दाखवून ये ना."

"माझे कान?" त्याचा चेहरा कठोर झाला. "या कानांवर घर चाललंय आपलं. तुझं कॉलेजही."

"म्हणून ते कधी दुखायचेच नाहीत का?"

"जो माणूस भिंतीतली वीज ऐकतो तो बहिरा असतो होय? जरा विचार करून बोलत जा."

मी वहिनीला मध्ये घातलं. ती म्हणाली, "मी बोलले तर दोन दिवस जेवत नाहीत. आणि खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून इतकी माणसं घरी पहिल्यांदाच येताहेत. त्यांचा मान बघून मलाही बरं वाटतं गं." मी शाळेत पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवत राहिले आणि घरी भाऊ माझ्या डोळ्यांदेखत घसरत राहिला.

मग एका रविवारी वायरबुवाने नवी वायर आणली होती. म्हणे थेट कारागिराकडून, महिना महिना विणलेली. "आधी साधी वायर ऐका. मग ही. आणि हो, डोळे मिटा मंडळी. डोळे कानांचं चोरतात."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

वायर बदलायची तर मशीन बंद करावं लागतं. वायरबुवाने ते बंद केलं, नवी वायर लावली, पुन्हा चालू केलं. आणि मशीनपुढे किंचित वाकून, जणू आशीर्वाद देतोय अशा थाटात, आवाजाच्या बटणावर हात ठेवला. त्याचा अंगठा हलला. अगदी केसभर.

"आऽहा!" दाताचे डॉक्टर म्हणाले. "काय खुललाय आवाज!"

"खुलला नाही, वाढला," मी म्हटलं. "यांनी बटण फिरवलं. मी बघत होते."

डोळे उघडले. सगळे माझ्यावर रोखलेले.

"ताई, मी नुसता हात टेकला," वायरबुवा म्हणाला.

"मग नका टेकू. वहिनी, चिकटपट्टी दे." मी बटण पट्टीने जागच्या जागी चिकटवून टाकलं. मशीनपुढे चादर धरली. "चादरीमागे वहिनी वायर बदलेल. कधी बदलेल, कधी नुसती खुडबुड करेल. कुठली लागलीय ते तुम्ही ओळखायचं. एवढंच."

"संशयाने नसा आखडतात. अशा वातावरणात वायर बोलत नाही," वायरबुवा म्हणाला. पण दाताच्या डॉक्टरांना स्वतःच्या कानांची एवढी खात्री होती की तेच म्हणाले, "अहो होऊन जाऊ दे! दूध का दूध!"

झालं. वहिनी चादरीमागे गेली. पहिल्या फेरीलाच निम्मे लोक एक म्हणाले, निम्मे दुसरी. पुढच्या खेपेला वहिनीने काहीच बदललं नव्हतं, तरी सोफ्यावरच्यांना स्वर्गाचं दार उघडलेलं ऐकू आलं. शेवटी दाताचे डॉक्टर उभेच राहिले. "हीच! शपथेवर सांगतो, हीच ती नवी!"

मी चादर बाजूला केली. मशीनला माझ्या जुन्या कॉम्प्युटरची वायर लावलेली होती.

युक्ती एवढीच होती. तेच गाणं जरासं मोठ्याने लागलं की माणसाला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. अधिक भरलेलं, अधिक जवळचं. वायरबुवा महागडी वायर लावल्यावर आवाज केसभर चढवायचा आणि साधीच्या वेळी उतरवायचा. बाकीचं काम आमचीच आशा करायची. मी हे सगळं उभ्या उभ्या समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं.

मला वाटलं होतं, आता लोक त्याला धारेवर धरतील. कोणी धरलं नाही. वायरबुवाने शांतपणे पेटी आवरली. "वायर अजून मुरली नव्हती," म्हणाला आणि निघाला. चार-पाच जण त्याला सोडायला खाली गेले. दाताचे डॉक्टर दारात थांबून मला म्हणाले, "तुम्ही फसवणूक पकडलीत, बरोबर आहे. पण आमचा आनंद घालवलात हो."

खोली रिकामी झाली. दुपारचं ऊन गालिच्यावर आलं होतं. दादा जागचा हलला नव्हता.

"तो लबाड होता," तो म्हणाला. "ठीक आहे, मी मूर्ख ठरलो. पण उजवी बाजू फिकी आहे. ते 'सूं' आहे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. हे मला खरंच ऐकू येतं."

"माहीत आहे, दादा. तू खोटं बोलत नाहीस." मी गाणं लावलं. "फक्त एक कर. खुर्ची फिरव आणि स्पीकरांकडे पाठ करून बस."

"कशाला?"

"बस तर."

तो उठला, खुर्ची फिरवली, बसला. आता उजवा स्पीकर त्याच्या डाव्या कानाशी होता. वायर किंवा मशीन बिघडलं असेल, तर फिकेपणा आता डावीकडे यायला हवा होता.

"कुठली बाजू फिकी आहे?"

तो बराच वेळ ऐकत राहिला.

"उजवी," तो म्हणाला.

मी गाणं बंद केलं. "आणि ते सूं? ते कुठून येतंय?"

त्याने नेहमीसारखा उजवा हात उचलला. उजवीकडे आता उघडी खिडकी होती. हात तसाच हवेत राहिला. मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याचं सगळं आयुष्य हेच करण्यात गेलं होतं: आवाज कुठून येतोय ते शोधणं.

"वहिनी कुठे आहे तुझी?" एवढंच त्याने विचारलं. ती त्याच्या उजव्या खांद्यापाशी उभी होती आणि कधीची त्याला "अहो, अहो" म्हणत होती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, मग मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. ऐकण्याच्या शिरेवर गाठ होती. कर्करोग नव्हे, पण वाढलेली. ते 'सूं' तिचंच होतं. लाखातले कान वगैरे काही नाही, एक शीर दबली जात होती आणि ओरडत होती. आम्ही त्या ओरडण्याला हात जोडून बसलो होतो.

"आधी आलो असतो तर?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कदाचित थोडा कान वाचला असता. कदाचित नसताही. आता मला सांगता येणार नाही." त्या 'कदाचित'शी वहिनी अजून भांडते आहे.

गाठ काढली. दादा वाचला. उजवा कान गेला. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते नीट कळत नाही. वहिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली की तो उठतो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहतो. मग ती हात पुसत येते आणि त्याला हाताला धरून आत नेते. मी तिथे असले तर खिडकीबाहेर बघते. माझ्या विज्ञानात यावर उपाय नाही.

वायरबुवाचं छान चाललंय. आता त्याने दुसरी वस्ती धरलीय. परवा दाताचे डॉक्टर दादाला भेटायला आले होते. जाता जाता डाव्या कानाशी वाकून म्हणाले, "काहीही म्हणा दादा, त्या जाड वायरीने थोडा फरक पडायचाच."

दादा म्हणाला, "कान तपासलेत का कधी?" डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

म्हणून ज्यांना ही थट्टा वाटत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. वायर जाड घ्या, पातळ घ्या, पैसा तुमचा आहे. मशीनबरोबर आलेली साधी वायर गाण्याला पुरते, एवढं मात्र जाणून घ्या. कोणी डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा. कोणी अनुभव घ्या म्हटलं तर बटणाला पट्टी लावून घ्या, आणि तुम्हाला न सांगता बदलू द्या. त्यात तुमचा काही अपमान नाही. आणि तुमच्या शरीरात काही नवं वाजू लागलं, फिकं पडू लागलं, दुखू लागलं, तर त्याचा अर्थ दुकानदाराला विचारू नका. कितीही गोड बोलत असला तरी नाही. दवाखान्यात जा, आणि लवकर जा.