कोटाची उलटी बाजू

डोळे मिटा पाहू. मिटले? मग हे वाचणार कोण? उघडा, उघडा! उघड्या डोळ्यांनीच कल्पना करू.

समजा, तुमचे आजोबा शिंपी आहेत. पन्नास वर्षं त्यांनी कोट शिवले. लंब्यांचे शिवले, बुटक्यांचे शिवले, श्वास रोखून माप देणाऱ्यांचे शिवले आणि नंतर दोन इंच उसवूनही दिले. आता मात्र त्यांना सुईचं नेढं दिसत नाही. म्हणून त्यांनी दुकान विकलं. आलेले पैसे आजी-आजोबांना उरलेला सगळा जन्म पुरायला हवेत. ते बुडाले, तर आजोबांना पुन्हा मशीनवर बसावं लागणार आणि दर चार टाक्यांमागे एकदा सुई बोटात जाणार. केलीत कल्पना?

आपल्या गोष्टीतल्या मुलीला ही कल्पना करावीच लागली नाही. तिच्या आजोबांचं अगदी असंच झालं होतं. ती नऊ वर्षांची. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी दिवसभर गरगर फिरते म्हणून घरात सगळे तिला बॉबिन म्हणत. आजोबांच्या टोचलेल्या बोटांना पट्ट्या लावायचं काम तिचं. दुकान विकायच्या आधीच्या महिन्यात आजोबांच्या दहा बोटांपैकी सात बोटं बांधलेली होती. उरलेल्या तीन बोटांत ते चहाचा कप धरत.

त्यामुळे आजोबांनी पैशांसाठी सल्लागार शोधायचं ठरवलं, तेव्हा बॉबिन आधीच चपला घालून दारात उभी होती.

"पण शोधणार कसा?" आजीने विचारलं.

"त्यात काय! ज्याची आतली शिवण सरळ, तो माणूस सरळ. बाहेरची बाजू काय, लोकांना दाखवायलाच असते. खरं काय ते अस्तर सांगतं."

"अहो, तुमच्या पायजम्याला आतून तीन रंगांची ठिगळं आहेत. त्यावरून मी काय समजायचं?"

आजोबांना एकदम उशीर होत असल्याचं आठवलं.

पहिला सल्लागार टी-शर्ट घालून बसला होता. आजोबा दारातूनच मागे फिरले. "ज्याला ना काज ना बटण, त्याची परीक्षा घ्यायची तरी कशी?" ते म्हणाले. तो बिचारा "या, बसा" म्हणेपर्यंत दोघं जिना उतरलेसुद्धा.

दुसऱ्याचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. काचेचं टेबल, गोल फिरणाऱ्या खुर्च्या, आणि टेबलामागे राखाडी कोटातले एक रुबाबदार साहेब. कोट पाहताच आजोबांचे डोळे चमकले.

"साहेब, कोट काढता का जरा?"

"गरम होतंय का काका? एसी वाढवतो."

"मला कशाला गरम होतंय? तुम्ही काढा."

गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून साहेबांनी कोट काढला. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कोट उलटा करून काचेच्या टेबलावर पसरला आणि शिवणीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. शिंप्याची बोटं ती, त्यांना चष्मा कशाला?

"तर काका, आमची योजना अशी आहे की..." शर्टातले साहेब म्हणाले.

"थांबा हो. काज बघतोय."

"दरवर्षी तुम्हाला..."

"अहाहा! काय टीप आहे! मुंगीला सोडा हिच्यावर, डोळे मिटून घरी पोचेल!"

साहेब वीस मिनिटं योजना सांगत होते. आजोबा वीस मिनिटं बाहीत डोकं घालून बसले होते. बॉबिनच्या तेवढ्यात खुर्चीवर एकतीस गिरक्या घेऊन झाल्या होत्या. शेवटी आजोबा बाहीतून बाहेर आले. त्यांना गहिवरून आलं होतं.

"असा हात हजारात एखाद्याचा! मन सरळ असल्याशिवाय अशी शिवण अंगावर येतच नाही. कुठे करायची सही?"

साहेबांनी चुटकीसरशी अकरा कागद पुढे केले. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली होती.

बॉबिनची खुर्ची थांबली. गरगरून मान खाली गेली होती, त्यामुळे तिला टेबलावरच्या कोटाचा आतला खिसा दिसला. खिशाखाली लाल दोऱ्याने एक इवलीशी कात्री भरलेली होती. अशी कात्री तिने शेकडो कोटांत पाहिली होती.

"आजोबा, ही आपल्या दुकानाची खूण ना?"

आजोबांनी चष्मा नाकावर ओढला. कात्रीकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं.

"हा कोट कुठून घेतलात?"

"मामांचा. त्यांना होईना, म्हणून मला दिला."

"मामा म्हणजे डावा खांदा उतरलेले?"

"हो! तुम्ही ओळखता?"

"खांद्याला ओळखतो." आजोबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे इतका वेळ मी माझीच पाठ थोपटत होतो!"

बॉबिन इतकी हसली, इतकी हसली, की खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेली. काचेतून तिचे दात दिसत होते. पण तिथेच, टेबलाखाली, तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तिचं हसू थांबलं. कोट आजोबांचा निघाला, मग या काकांबद्दल आपल्याला काय कळलं? काहीच नाही. भोपळा! आणि पेन तर आजोबांच्या हातात आहे.

ती बाहेर आली. "काका, तुम्हाला पगार कोण देतं?"

"मला? कंपनी देते ना, बाळ. आजोबांना एक पैसाही पडत नाही."

"कंपनी का देते?"

"आजोबा तिच्या योजनेत पैसे ठेवतात म्हणून."

"आणि आजोबांसाठी दुसऱ्याच कंपनीची योजना जास्त चांगली असली तर?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खण उघडला. "चॉकलेट घेशील?"

बॉबिनने चॉकलेट घेतलं. उत्तर मिळालं नाही, हेही तिने लक्षात ठेवलं. आजोबांनी पेन खाली ठेवलं.

जिन्यात तिने विचारलं, "ते लबाड होते का हो?"

"तसंच काही नाही गं." आजोबा एका पायरीवर थांबले. "एका वर्षी कापडवाल्याने मला, गिऱ्हाइकाला जेवढं कापड लागेल त्यावर, मीटरमागे काहीतरी द्यायचं कबूल केलं होतं. त्या वर्षी मला सगळ्यांचेच हात लांब दिसायला लागले. मुद्दाम नाही हं! दिसायचेच तसे. शेवटी तुझ्या आजीने तो व्यवहार बंद पाडला."

तिसऱ्या सल्लागार एक बाई होत्या. लाँड्रीच्या वरची लहानशी खोली, फायलींचे ढीग, आणि बाईंच्या अंगात एक स्वेटर. काय तो स्वेटर! कोपर उसवलेलं, एक बटण काळं, एक तपकिरी, आणि मधलं गायबच. आजोबांना दाढ दुखल्यासारखं झालं.

"महिन्याला घरखर्च किती येतो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"त्या मधल्या बटणाचं काय झालं?"

"पडलं. आणि औषधांना किती लागतात?"

"पडलं की लावायचं असतं."

"बरं. कर्ज वगैरे?"

"बाई, धागा लोंबतोय हो तिथे!"

बॉबिनने आजोबांचा गुडघा दाबून धरला आणि आपला प्रश्न विचारला.

"पैसे मला तुझे आजोबा देणार," बाई म्हणाल्या. "ठरलेली फी. ती या कागदावर लिहिलेली आहे. दुसऱ्या कुणाकडूनही मी एक छदाम घेत नाही."

"पैसे दुप्पट करून देणार?" आजोबांनी विचारलं.

"नाही. या वयात पैसे पळवायचे नसतात, पुरवायचे असतात. औषधपाण्याचे हाताशी ठेवू, बाकीचे तीन-चार ठिकाणी वाटू."

"बुडणार नाहीत असं लिहून द्याल?"

"अजिबात नाही. आणि जो लिहून देईल, त्याच्या जिन्याखालूनही जाऊ नका." बाईंनी चार पानांचा करार पुढे सरकवला. "आज सही नको. घरी न्या, वाचा, मग ठरवा."

आजोबा बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. स्वेटरकडे पाहायचं त्यांनी महत्प्रयासाने टाळलं. मग त्यांनी टेबलावर थाप मारली.

"संपलं! माणूस कळला मला! अस्तर बघायची गरजच नाही. वाचायचं कशाला? आणा, आत्ता करतो सही!"

आणि त्यांनी पेन उचललं.

बॉबिनने ते त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतलं आणि आपल्या कानामागे खोचलं. खुर्ची ओढून ती टेबलाला चिकटून बसली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

"पान पहिलं. कलम एक. बाई, 'उभय पक्ष' म्हणजे काय?"