तिसऱ्या खणातला अहवाल

मी एक जुने, चार खणांचे लोखंडी कपाट आहे. माझा रंग कधीकाळी हिरवा होता. मित्रांनो, माझ्यात कधी दागिने नव्हते की कपडे नव्हते. माझ्यात फक्त कागद होते. तरीही माझी किल्ली साहेबांच्या खिशात असे आणि माझ्यापाशी येताना माणसे आवाज खाली आणत.

बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात मला पत्रा वाकवून, ठोकून बनवले. तेथून रेल्वेने मी वेल्समधल्या कुमग्वर्न नावाच्या खाणगावात आलो. गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात होते. तेथील नगर परिषदेच्या कचेरीत, खिडकीपासून दूरच्या भिंतीला मला उभे केले आणि माझ्यावर परिषदेच्या नावाची पहिली चिठ्ठी लावली.

चिठ्ठ्यांचे सांगायचे तर माझ्या अंगावर राज्यकारभाराचा सारा इतिहास डिंकाने चिकटलेला आहे. १९७४ साली लंडनच्या सरकारने कारभार सुधारायचा म्हणून लहान परिषदा मोडून मोठ्या केल्या. माझ्यावर नवी चिठ्ठी आली. १९९६ साली त्या मोठ्या परिषदाही मोडल्या. पुन्हा नवी चिठ्ठी. मग वेल्सला राजधानी कार्डिफमध्ये स्वतःची विधानसभा मिळाली आणि कचेरीतले लोक अभिमानाने म्हणू लागले की आता आपला कारभार आपल्या हाती. तेव्हाची चिठ्ठी वेल्श आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होती. ती मला फार आवडली. आत मात्र तेच कागद, त्याच क्रमाने, तसेच पडून होते.

त्यातला एक कागद माझ्या छातीवर धोंड्यासारखा होता. तो तिसऱ्या खणात होता.

१९७९ साली परिषदेने एका इंजिनीयराला सालेम टेरेस या घरांच्या रांगेखालचा भुयारी नाला तपासायला पाठवले. त्याने आत उतरून पाहिले आणि अकरा पानांचा अहवाल दिला. विटांची कमान खचत आहे, पाच वर्षांत ती बदलली नाही तर पाणी घरांत शिरेल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. साहेबांनी तो वाचला, सुस्कारा टाकला आणि कारकुनाच्या हाती दिला. हा कारकून म्हणजे इद्रिस प्यू, चोवीस वर्षांचा, गावच्या प्रार्थनाघरात खालच्या सुरात गाणारा. त्यानेच तो अहवाल माझ्यात ठेवला.

तीन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी, लोक दुपारच्या जेवणाला बसले असतानाच कमान कोसळली. काळे पाणी सालेम टेरेसच्या स्वयंपाकघरांत शिरले. सात नंबरच्या घरात ओल्वेन प्रॉसर ही शाळेत स्वयंपाक करणारी बाई आपल्या वडिलांबरोबर राहत होती. वडील जन्मभर खाणीत खपलेले, छातीने अधू, खालच्याच खोलीत झोपणारे. त्यांना कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढले. नवव्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले.

त्यानंतर परिषदेने घरोघरी पत्र पाठवले. त्यात लिहिले होते की रहिवाशांनी रस्त्याकडेच्या नाल्याच्या जाळीत राख आणि कचरा टाकल्यामुळे नाला तुंबला. आता सालेम टेरेसमध्ये शेगडीची राख जाळीपाशी ओतणारा म्हातारा एकच होता आणि ते सगळ्यांना माहीत होते. कोणी ओल्वेनबाईंना तोंडावर काही बोलले नाही. पण शेजारच्या बाईने त्यांच्याकडे कपबशी मागायला येणे बंद केले.

ओल्वेनबाई कचेरीत येऊ लागल्या.

"नाला कुणी तपासला होता का, एवढंच सांगा," त्या विचारत.

"कचेरीतले कागद बाहेर दाखवता येत नाहीत, बाई," साहेब म्हणत.

"म्हणजे कागद आहे?"

"आहे असं मी म्हटलेलं नाही."

मित्रांनो, मी तेथून आठ पावलांवर उभा होतो. मला तोंड असते तर मी सारे ओकून टाकले असते. इद्रिसला तोंड होते, पण त्याच्या घरी दोन लहान मुले होती आणि कचेरीतली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याची नोकरी जाई. तो मान खाली घालून टंकलेखन करत राही. त्या गेल्या की माझ्याकडे एकदा बघे.

अशी वर्षे गेली. ओल्वेनबाईंचे केस पांढरे झाले. परिषद बदलली की त्या नव्याने अर्ज करत, आणि नवी परिषद सांगे की ही बाब आमच्या आधीची आहे. कचेरीत वर्तमानपत्रे मात्र मोठमोठ्या बातम्या आणत. एका सकाळी इद्रिसने मोठ्याने वाचले की लंडनच्या वरच्या सभागृहातून वडिलोपार्जित सरदारांना घालवले.

"सगळ्यांना?" चहा घेऊन आलेल्या मेवानने विचारले. ती कचेरीची सफाई करी.

"नाही. ब्याण्णव ठेवलेत. पुढचं ठरेपर्यंत."

"वा! माझी झाडलोट अशी असती तर पहिल्याच दिवशी हाकललं असतं मला. अर्धा केर काढायचा आणि उरलेला पुढचं ठरेपर्यंत ठेवायचा!"

मग २००५ साल उजाडले. नवा कायदा अमलात आला. कोणीही नागरिक सरकारी कागद मागू शकेल आणि कचेरीने कामाच्या वीस दिवसांत उत्तर द्यायचे. आमच्या कचेरीत आलेला पहिला अर्ज ओल्वेनबाईंचा होता.

त्या वेळचे साहेब लँगफर्ड नावाचे होते. त्यांनी अर्ज वाचला आणि ते म्हणाले, "इतकं जुनं कुठे शोधायचं? लिहून टाक, सापडत नाही."

इद्रिसने टाइप करायला बोटे उचलली. ती तशीच राहिली.

"तिसऱ्या खणात आहे, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"मीच ठेवलाय. निळी फाईल. तुम्ही बघताय की मी काढू?"

माझा खण करकरत उघडला. मित्रांनो, इतक्या हलक्या मनाने मी आयुष्यात कधी उघडलो नव्हतो.

पण माझा आनंद पाच मिनिटेही टिकला नाही. लँगफर्डसाहेबांनी काळी शाई मागवली. अकरा पानांची प्रत ओल्वेनबाईंना गेली खरी, पण तिच्यातली नऊ पाने काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. ओल्वेनबाई ती प्रत घेऊन आल्या आणि त्यांनी ती टेबलावर आपटली.

"हे काय आहे? काळ्या काठाचं दुखवट्याचं पत्र?"

त्या थांबल्या नाहीत. त्यांनी परिषदेकडे फेरविचार मागितला, तो फेटाळला गेला. मग त्यांनी माहिती आयुक्तांकडे तक्रार केली. एक वर्ष गेले. आणि एका मंगळवारी आदेश आला की कागद पूर्ण द्या.

ओल्वेनबाई तो माझ्यासमोरच उभ्या राहून वाचू लागल्या. सातव्या पानावर त्यांचे बोट थांबले. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. "जाळीतील राखेचा व कचऱ्याचा कमानीच्या स्थितीशी संबंध नाही."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. मग इद्रिसकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं."

"होतं, ओल्वेन."

"चोवीस वर्षं. दर रविवारी प्रार्थनाघरात माझ्या मागच्या बाकाशी उभा राहून गात होतास तू."

ओल्वेनबाईंनी फाईल छातीशी धरली आणि त्या गेल्या. त्या आठवड्यात सातवे पान सालेम टेरेसच्या प्रत्येक दारातून आत सरकवलेले होते. शेजारची बाई स्वतः केलेला केक घेऊन सात नंबरला गेली, असे मेवान सांगत होती. हा त्या कायद्याचा विजय होता आणि मी तो विसरणार नाही.

पुढे मात्र सगळे पाण्यात गेले. ज्या परिषदेने अहवाल दाबला, ती उरलीच नव्हती. नव्या परिषदेने खेद व्यक्त केला, पण चूक आपली नव्हे म्हणून सांगितले. कार्डिफहून उत्तर आले की हे काम स्थानिक परिषदेचे. लंडनहून उत्तर आले की हे काम कार्डिफचे. इतक्या सुधारणा झाल्या, पण जबाबदार माणूस कोठे बसतो ते कोणाला सांगता येईना. शेवटी वरच्या बाजूचा अर्धा नाला नवा केला. खालचा अर्धा अजून तोच आहे.

आणि माझे काय झाले? लँगफर्डसाहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावले. "आता प्रत्येक कागद उद्या बाहेर जाऊ शकतो. तेव्हा लिहू नका. फोन करा. माझ्या खोलीत या, बोला," ते म्हणाले.

माणसे शहाणी होती. त्यांनी ऐकले. माझ्यात नवा कागद येणे कमी होत गेले आणि एके दिवशी थांबले. मग मला भंगारात काढले. निवृत्त झालेल्या इद्रिसने मला मागून घेतले आणि गावच्या सभागृहात आणून ठेवले. आता माझ्यात चहाचे कप असतात.

गेल्या वर्षी परिषदेचा एक माणूस आला. त्याने रस्त्यावरचे झाकण उघडून खाली बॅटरी मारली, तोंड वाकडे केले, बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ बोलला आणि गेला. ओल्वेनबाईंनी लगेच कायद्याने माहिती मागितली. उत्तर बरोबर विसाव्या दिवशी, दोन्ही भाषांत, फार सभ्यपणे आले. या पाहणीची कोणतीही नोंद उपलब्ध नाही.

"खोटं बोलताहेत," सभागृहात कोणीतरी म्हणाले.

"नाही," इद्रिस म्हणाला. "या वेळी ते खरं बोलताहेत."

ओल्वेनबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "मग आता मी मागू काय?"

बाहेर झाकणाखालून नाल्याचा आवाज येत होता.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, कायदेही कराल. कपाटे जरूर उघडी ठेवा. पण जे डोळ्यांनी पाहिले ते आधी लिहा, आणि लिहिलेल्याखाली आपले नाव घाला. रिकामा खण काय, कोणालाही उघडून दाखवता येतो.