डाव्या बाजूचं दार

पेणच्या पुढे जीपच्या मागच्या चाकातली हवा गेली आणि सूरज जॅक शोधू लागला. पुढच्या सीटखाली पाहिलं, पायाशी पाहिलं, शेवटी बॉनेटही उघडून पाहिलं. ज्याची गाडी असते तो असा शोधत नाही, हे त्याचं त्यालाही कळत होतं. सावळेराममामा रस्त्याकडेला दगडावर बसून शेंगा फोडत होते.

"मागच्या बाकड्याखाली बघ. गोणपाटात गुंडाळल्याला आसंल," ते म्हणाले.

तिथेच होता.

मामा म्हणजे हर्षालीचे मामा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिच्या घरी पान हलत नसे. मुलगी बघायच्या दिवशी मध्यस्थाने जोशात सांगून टाकलं होतं की मुलाची स्वतःची जीप आहे. सूरजने मान खाली घातली आणि सगळ्यांनी तो होकार धरला. समोर हर्षाली पोह्यांचा ट्रे घेऊन हसू दाबत उभी होती. त्या हसण्यापुढे त्याला खरं बोलायचं सुचलंच नाही. मग मामांनी सहज म्हटलं की आपण अजून समुद्र पाहिलेला नाही, तर मुलानेच एकदा दाखवावा.

सूरज भोसरीत कंपनीत कामाला होता, गावी यायचा तो सुटीपुरता. या सुटीत त्याने येडगावातल्या भगवंतची जीप मागून घेतली आणि भल्या सकाळी पेठ गावी मामांच्या दारात नेऊन उभी केली. डावं दार जरा वर उचलून लावावं लागतं, हे मामांना सांगायचं राहूनच गेलं. नशिबाने ते पहिल्या झटक्यात लागलं.

नशीब तेवढ्यापुरतंच होतं. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं. पेणमध्ये एका वरातीच्या मागे हॉर्न असा अडकला की वाजंत्रीवाल्यांनीही वाजवायचं थांबवून मागे पाहिलं. त्यावर आता हे चाक. मामा आपले शेंगा सोलण्यात दंग होते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सूरजला वाटत होतं.

अलिबागला पोचेपर्यंत उन्हं कलली. मामांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि जपून पाण्यात शिरले. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू सरकली, तसा त्यांनी सूरजचा हात गच्च धरला.

"लई मोठा हाय रं," ते म्हणाले. मग हात न सोडताच पुढे बोलले, "बहिणीला सांगतो, पोरगं चांगलं हाय. सोताची गाडी हाय. साखरपुड्याचं बघा म्हणतो."

हे ऐकण्यासाठीच तर सूरजने एवढी धडपड केली होती. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. लग्नानंतर हर्षाली कधीतरी विचारणारच, आपली जीप कुठे आहे म्हणून.

"मामा, जीप माझी न्हाई," तो म्हणाला. "गावातल्या भगवंतची हाय, मागून आणली. मी त्याच दिवशी सांगाया पायजे व्हतं."

मामांनी हात सोडला. पाण्यातून बाहेर आले आणि जीपकडे चालू लागले. सूरज मागोमाग निघाला. सगळं मुसळ केरात गेलं होतं. आपण गप्प बसलो असतो तर, असंही मनात येऊन गेलं. तरी सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, हेही खरं.

जीप सुरू होईना. त्याने चार-पाच वेळा किल्ली फिरवली. मामा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि हातातल्या चपलेने बॅटरीच्या वायरीवर एक हलका फटका मारला.

"आता मार."

जीप एका झटक्यात सुरू झाली.

"इकताना भगवंतला ही खोड सांगायची राह्यली," बॉनेट बंद करत मामा म्हणाले.

सूरजचा हात किल्लीवरच राहिला. मामा शेजारी येऊन बसले आणि डावं दार जरासं वर उचलून अलगद लावून घेतलं.

"कुठं एसटीडी बूथ दिसतोय का बघा, जावई," ते म्हणाले. "बहिणीला कळवायचंय."