बांगड्यांखालचे हात

मंजुळाच्या दोन्ही हातांत मावशीने कोपरापर्यंत बांगड्या चढवल्या होत्या. काचेच्या तिच्या स्वतःच्या, सोन्याच्या पाटल्या शेजारणीच्या. धरणगावात कुणाचंही लग्न असलं की पुरणाचे मांडे करायला मंजुळालाच बोलावणं यायचं, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापराने तिचे हात कोपरापर्यंत डागून गेले होते. "पाहुणे उठेस्तोवर एकही बांगडी जागची हलू देऊ नको," मावशीने बजावलं होतं.

तिला बघायला धुळ्याहून आलेला मुलगा मनगटावरचं सोनेरी घड्याळ फिरवत बसला होता. चुलीवर पुरण शिजल्याचा वास आला तशी त्याची आई रुक्माबाई म्हणाल्या, "पोरी, तुन्हा हातना एक मांडा खावाना शे."

मावशीचं तोंड उतरलं. मांडा काही पोळपाटावर लाटत नाहीत. तो हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायचा. मध्ये बांगडी आली की फाटलाच.

सगळे चुलीपाशी येऊन उभे राहिले. मंजुळाने एकेक बांगडी उतरवून मावशीच्या ओंजळीत टाकली. काळे डाग उघडे पडले. तिने पुरण भरलेला कणकेचा गोळा उचलला आणि हात आपसूक चालू लागले. परातीएवढा मांडा, कुठेही न फाटता, खापरावर अलगद पडला.

"पोरगी पसंत शे," रुक्माबाई म्हणाल्या.

मावशी घाईघाईने बांगड्या पुन्हा चढवायला आली. मंजुळाने हात मागे घेतला.

"राहू दे, मावशी. पहिले पोऱ्याले सांग, घड्याळ उतार. त्याना हात माले बी देखाना शे."