जानकूचा उजवा गुडघा

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून डोली वाहणाऱ्यांचे गुडघे तपासायचे, हे डॉ. अनिसाच्या मनात बरीच वर्षं होतं. ती जुन्नरचीच. वडील बदरुद्दीन यांचं पेठेत कुलपांचं दुकान. ती मात्र आता पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सांध्यांच्या एमआरआयवर संशोधन करत होती. गुडघ्यातली झीज चित्रात जेवढी दिसते, तेवढंच माणसाला दुखतं का, हा तिचा प्रश्न.

एक्केचाळीस जण तयार झाले. जीपने पुण्याला नेऊन तिने एकेकाचा एमआरआय काढला. सगळ्यांत वाईट गुडघा निघाला जानकूचा. वय त्रेपन्न, अंगाने काटक. उजव्या गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं.

"काका, किती दुखतं?" अनिसाने विचारलं.

"कुठं काय? सकाळचा जरा धरतो. धा पायऱ्या चढलो की मोकळा."

त्याच्या जोडीचा धर्माजी मात्र पाय धरून कण्हायचा, आणि त्याचं चित्र अगदी साफ होतं. अनिसा हरखली. हेच तर तिला दाखवायचं होतं.

संशोधनात कुणाचंही नाव येणार नाही, असं तिने सह्या घेताना सांगितलं होतं आणि ते पाळलंही. पण ज्याचा गुडघा त्याला कळायला हवं, म्हणून तिने प्रत्येकाच्या हातात सोप्या मराठीत रिपोर्ट दिला. जानकूच्या रिपोर्टवर लिहिलं, 'झीज शेवटच्या टप्प्यातली. जड वजन उचलणं टाळावं.'

पंधरा दिवसांनी, रविवारी ती जुन्नरला आलेली असताना, जानकू तिला शोधत वडिलांच्या दुकानात आला. डोल्यांचा मुकादम गेणभाऊ याने सगळ्यांचे रिपोर्ट मागून घेतले होते आणि जानकूसकट सात जणांना कामावरून कमी केलं होतं.

"बाई, ह्याच्यावर लिवा की गुडघा बरा हाय."

"खोटं कसं लिहू, काका?"

"खोटं काय त्यात? मला दुखतंय का? त्या फोटोला दुखतंय."

अनिसा तडक गेणभाऊकडे गेली. "अहो, चित्र आणि दुखणं जुळत नाही, हेच तर माझ्या अभ्यासात निघालंय. जानकूकाका धर्माजीपेक्षा भक्कम आहेत."

"मग 'वजन उचलणं टाळावं' हे कुणी लिवलं?" गेणभाऊ शांतपणे म्हणाला. "उद्या डोली सुटून एखादी म्हातारी गडगडली, तर पोलीस मला इचारतील का तुमाला?"

 ते वाक्य तिने विचार न करता लिहिलं होतं. सगळेच डॉक्टर लिहितात. नुसत्या चित्रावरून कुणाला कामावरून काढू नये, असं नवं पत्र तिने तिथेच लिहून दिलं. गेणभाऊने घडी करून ते खिशात ठेवलं. सातातला एकही परत कामावर आला नाही.

तिचा शोधनिबंध छापून आला. दिल्लीच्या परिषदेत तिने जानकूचा गुडघा पडद्यावर दाखवला. खाली वय, वजन आणि 'वेदना नाही' एवढंच. लोकांनी मोबाईलवर फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. तिने हसून मान झुकवली.

वर्षाने त्याच माणसांचा दुसरा एमआरआय करायचा होता. नऊच जण आले. धर्माजीने तोंडावर सांगितलं, "म्याडम, आमी नाय येणार. तुमचं मशीन लई खरं बोलतं."

ती जानकूच्या घरी गेली. त्याची बायको साळुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. जानकू नारायणगावला टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवायला जात होता.

"आता दुखतं का त्यांना?"

"आता दुखतंय. डोलीला चौघं व्हती. क्रेटला एकटाच हाय."

"मी तपासते त्यांना. औषध देते, काही लिहून..."

"काय बी लिवू नका," साळुबाई म्हणाली. तिने चहा मात्र ठेवला. अनिसा तो पिऊन उठली.

पुण्यात परतल्यावर तिने संशोधनाची यादी उघडली. तिच्यात नावांऐवजी आकडे होते. न आलेल्या प्रत्येकापुढे कारण भरणं सक्तीचं होतं आणि कारणं आधीच ठरलेली होती. जानकूच्या आकड्यापुढे तिने 'संपर्क होऊ शकला नाही' हे निवडलं आणि पुढच्या आकड्याकडे वळली.