सप्रेम भेट, खाली डोकं वर पाय

शिवांगीनं युक्रेनहून दोनच गोष्टी परत आणल्या: अर्धवट एमबीबीएस आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं एक चित्र. एमबीबीएस पुढं दुसऱ्या देशात जमलं. चित्र मात्र तीन वर्षं कपाटावर पडून होतं. तिच्या तिथल्या घरमालकीण ओलेनाबाई चित्रकार. त्यांनी स्वतः दगडावर काढून छापलेलं ते रंगीत लिथोग्राफ. बॉम्ब पडत होते तेव्हा या बाईंनी शिवांगीला आठ दिवस तळघरात सांभाळलं आणि निरोप देताना एवढंच मागितलं, की हे भिंतीवर लाव आणि मला दाखव.

लातूरचं नवं घर बांधून झालं, भिंत मिळाली, व्हिडिओ कॉल ठरला. रविवार, चार वाजता.

चित्र सर्कशीचं. मधोमध एक दांडगा गडी हातांवर चालतोय, त्याच्या तळपायांवर घोडा, घोड्यावर छत्रीवालं अस्वल. वडिलांनी, म्हणजे श्रीमंतरावांनी, ते संगप्पाकडं फ्रेमला दिलं. संगप्पाची तीस वर्षं देव, दिवंगत आणि सत्कारमूर्ती काचेत बसवण्यात गेलेली. त्यानं बराच विचार करून माणसाचं डोकं वर येईल असं चित्र बसवलं. घोडा आणि अस्वल उलटे झाले, पण सर्कशीतल्या जनावरांना त्याची सवय असते, असं त्याचं मत पडलं. शिवाय रीतीप्रमाणं काचेच्या खालच्या कडेला सोनेरी अक्षरांत 'सप्रेम भेट' आणि श्रीमंतरावांचं पूर्ण नाव.

पावणेचारला शिवांगी दवाखान्यातून आली. फ्रेम चार स्क्रूंनी भिंतीत पक्की. ती फिरवा म्हणाली. श्रीमंतरावांनी उद्या पतसंस्थेचे संचालक चहाला येणार असल्याचं सांगितलं.

"अण्णा, त्या बाईंनी मला जिवंत ठेवलंय."

"हाव. पण जित्या माणसाचं नाव कोणी उलटं टांगत न्हाई."

फोन वाजला. सुपारी कातरत बसलेल्या चांगुणाबाई, श्रीमंतरावांच्या आई, म्हणाल्या, "मग फोनच उलटा धर की."

शिवांगीनं धरला. तिला आता ओलेनाबाई उलट्या दिसत होत्या, पण ओलेनाबाईंना चित्र सुलट दिसलं. त्यांचे डोळे भरले. वरच्या बाजूची सोनेरी नक्षी फार नाजूक आहे, असंही त्या म्हणाल्या. शिवांगीनं ते मराठीत सांगितल्यावर श्रीमंतरावांनी छाती फुगवली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण घरी आलेलं माणूस, मग ते फोनमधून का येईना, चहाशिवाय गेलेलं चांगुणाबाईंना चालत नाही. त्या कपबशी घेऊन कॅमेऱ्यापुढं आल्या. म्हणजे युक्रेनमधल्या स्क्रीनवर त्या खाली डोकं वर पाय छतावरून चालत आल्या, आणि थेंबभर चहा सांडला नाही. त्यांना आवरायला श्रीमंतराव धावले, तेही छतावरूनच, आणि सभ्य माणूस म्हणून त्यांनी तिथूनच नमस्कार केला.

ओलेनाबाई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग त्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, तुम्ही सगळे असेच राहता का."

"सांग, हाव," चांगुणाबाई म्हणाल्या. "लई वर्षं झाली."

ओलेनाबाईंना इतकं हसू आलं, की फोन हातातून पडला. दोन मिनिटं नुसतं त्यांचं छत दिसत होतं, नव्यानं प्लास्टर केलेलं, आणि खालून हसणं ऐकू येत होतं. शिवांगीनं सगळं खरं सांगितलं तेव्हा त्या पुन्हा पहिल्यापासून हसल्या. आणि काही फिरवू नका म्हणाल्या.

चार महिन्यांनी दुसरी नळी आली. तंबूच्या छतावरून नऊवारीतल्या चांगुणाबाई खाली डोकं करून कपबशी घेऊन चाललेल्या, खाली अस्वल बशी धरून वाट बघतंय.

संगप्पानं चित्र हातात घेतलं आणि तो घामाघूम झाला. ओळखीच्या बाईला उलटं टांगायचं म्हणजे.

"टांग," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी काय चहा सांडू देते व्हय?"